एमएम 540 जीपला एसी आणि हीटर बसवताना

कापडी हूडच्या जीपला एसी बसवायच्या भानगडीत पडू नका. पत्र्याचा किंवा फायबरचा हार्डटॉप आणि नीट बंद होणारे दरवाजे असतील तरच पैसे सत्कारणी लागतात. इथे गाडी धरली आहे महिंद्रा एमएम 540, म्हणजे 2.1 लिटरचं प्यूजो डिझेल, साधारण 62 अश्वशक्ती. त्यातली तीन ते पाच कंप्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबणारा, इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा पंप खातो. सपाट रस्त्यावर कळत नाही, घाटात लगेच कळतं. म्हणून ॲक्सिलरेटर तळाला टेकला की कंप्रेसर जोडणाऱ्या-सोडणाऱ्या विजेच्या क्लचचा करंट तोडणारा मायक्रोस्विच पेडलपाशी लावून घ्या.

सामान विकत घेण्याआधी भोकं बुजवा. रात्री एकाने इंजिनाच्या बाजूने आणि गाडीखालून टॉर्च मारायचा, दुसऱ्याने आत बसून पाहायचं. पेडल, स्टीअरिंग कॉलम, गियर आणि ट्रान्सफर केसच्या दांड्या, जुन्या वायरिंगची रिकामी भोकं, सगळीकडून उजेड दिसेल. तिथे रबरी ग्रोमेट (भोकात बसणाऱ्या कड्या) आणि दांड्यांना नवे रबरी बूट (टोप्या) बसवा. फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) आणि फ्लोअरवर 6 ते 10 मिमी जाडीचा, वरून फॉइल असलेला नायट्राइल फोम चिकटवा. हे टाळलं तर कितीही मोठी कूलिंग कॉइल आणली तरी ती इंजिनाची गरम हवाच थंड करत बसेल.

किट घेताना डॅशबोर्डखाली बसणारं, कूलिंग कॉइल आणि हीटर कोअर (इंजिनाच्या गरम पाण्याचा छोटा रेडिएटर) एकाच पेटीत असलेलं युनिट निवडा. आपल्याकडे हीटर कशाला, असं पुष्कळ जण म्हणतात. तो थंडीपेक्षा पावसाळ्यात उपयोगी पडतो. आंबोली किंवा ताम्हिणीत पावसात काच आतून धुरकट झाली की एसीने हवेतला दमटपणा काढायचा आणि तीच हवा हीटर कोअरवरून थोडी गरम करून काचेवर सोडायची. मिनिट-दोन मिनिटांत काच साफ होते. त्यासाठी युनिटपासून काचेपर्यंत दोन डक्ट पाइप न्यावे लागतात. बाजारातल्या बऱ्याच किटमध्ये ते नसतात, वेगळे मागून घ्या.

कंप्रेसर 138 सीसीचा, सँडेन 508 धाटणीचा पुरतो. क्रँक पुलीला मोकळी खाच नसेल तर जोडपुली बसवावी लागेल. ब्रॅकेट किमान 8 मिमी पट्टीचा करा आणि तो इंजिन ब्लॉकलाच आवळा. चॅसिसवर बांधलात तर इंजिन हलताना बेल्ट निसटत राहील. सरळ पोलादी पट्टी दोन्ही पुलींच्या तोंडाला टेकवून पाहा. 1 मिमीपेक्षा जास्त फरक राहिला तर बेल्ट किंचाळतो आणि कडेने झिजतो. तेल भरायचा बोल्ट वरच्या बाजूला राहू द्या.

कंडेन्सर (गरम गॅस निववून त्याचा द्रव करणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे, 10 ते 20 मिमी अंतर ठेवून. गरम गॅस वरून आत, द्रव खालून बाहेर. दोघांमधल्या फटीला कडेने फोमपट्टी लावा, नाहीतर हवा कडेने पळून जाते. जीपची जाळी अरुंद, इंजिनाचा पंखा आयडलिंगला मंद, त्यामुळे पुढून 12 इंची इलेक्ट्रिक पंखा हवाच. वारा रेडिएटरकडे जातो ना, हे कागदाचा कपटा धरून तपासा. वायर उलटी जोडली गेली की दोन पंखे एकमेकांविरुद्ध भांडत बसतात आणि सिग्नलला इंजिन तापतं. रेडिएटर जुना असेल तर आधी रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या.

पाइप बॅरियर होजचेच (गॅस झिरपू न देणाऱ्या थराचे) घ्या. कॉइलकडून कंप्रेसरकडे दहा नंबर, कंप्रेसरकडून कंडेन्सरकडे आठ, तिथून ड्रायरमार्गे (ओल शोषणारी बाटली) एक्स्पान्शन व्हॉल्व्हपर्यंत (कॉइलमध्ये द्रव बेताने सोडणारी झडप) सहा. प्रत्येक जोडाला 134ए गॅसला चालणारी हिरवी ओ-रिंग, कंप्रेसरच्या तेलात बुडवून. आवळताना नेहमी दोन पाने वापरा, एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. ड्रायर उभाच ठेवा आणि त्याची टोपणं सगळ्यात शेवटी काढा. तो उघडा राहिला की हवेतली ओल शोषून निकामी होतो.

कॉइलच्या पाण्याचा पाइप सरळ खाली उतरवा, मध्ये वाकडा लोंबू देऊ नका, आणि बाहेरचं टोक मागच्या बाजूला तिरकं कापा. कॉइल फार गार झाली की कंप्रेसर थांबवणाऱ्या थर्मोस्टॅटची बारीक नळी कॉइलच्या पात्यांत 5 सेंमी तरी खुपसलेली असावी. ती बाहेर लोंबत राहिली तर कॉइलवर बर्फ धरतो आणि अर्ध्या तासाने वारा येणंच बंद होतं.

हीटरला 16 मिमीचे दोन होज. गरम पाणी सिलिंडर हेडच्या बाजूने घ्या, परत जाणारं वॉटर पंपाच्या शोषण्याच्या बाजूला. तोटी गरम येणाऱ्या होजवर बसवा आणि ती पूर्ण बंद होते का ते हाताने पाहा. तोटीपुढचा होज तापत असेल तर उन्हाळ्यात एसी चालू असतानाही कोअर हवा गरम करत राहणार. गॅस कमी पडतोय असं समजून लोक पुन्हा पुन्हा गॅस भरतात, आणि दोष असतो या तोटीत. कूलंट भरताना गाडीचं तोंड चढावर, तोटी उघडी, रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच काढून ठेवलेलं. इंजिनाचा थर्मोस्टॅट तापून आपोआप उघडेपर्यंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू द्या.

क्लच 4 अँपिअर, ब्लोअर 10 ते 15, पंखा 7 ते 10 खातो. त्यात हेडलाइटचे 9-10 मिळवले की जुना अल्टरनेटर कमी पडतो. निदान 65 अँपिअरचा लावा. ब्लोअर आणि पंखा प्रत्येकी वेगळ्या रिलेवर, 4 चौ. मिमी वायर, बॅटरीजवळ फ्यूज. क्लचची लाइन मात्र गॅसचा दाब घटला की करंट तोडणाऱ्या प्रेशर स्विचमधूनच जाऊ द्या. गॅस गळून गेल्यावर कंप्रेसर सुका फिरला की संपला.

आता गळती. कोरडा नायट्रोजन 150 psi भरून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. टायरची हवा किंवा ऑक्सिजन चुकूनही नको. मग व्हॅक्यूम पंप 45 मिनिटं. पुण्याच्या उंचीवर गेजचा काटा 28 इंचांच्या आसपासच थांबतो, पंप खराब समजू नका. पंप बंद करून अर्धा तास काटा हलला नाही तर पुढे जा.

कंप्रेसरच्या क्लचची पुढची तबकडी हाताने दहा वेळा फिरवा. गॅस वजनकाट्यावरच भरा, किटवर लिहिला असेल तितकाच. सुरुवातीचा 250 ग्रॅम इंजिन बंद ठेवून हाय साइडने (कंप्रेसरनंतरची जास्त दाबाची बाजू), उरलेला 1500 आरपीएमवर लो साइडने (कॉइलकडून कंप्रेसरकडे येणारी कमी दाबाची बाजू). हाय साइडचा कॉक इंजिन चालू करण्यापूर्वी बंद. बाहेर 35 अंश असताना लो 25 ते 40 आणि हाय 200 ते 250 psi दिसायला हवं. हाय 300 च्या पुढे गेलं तर कंडेन्सरवर पाणी मारा. काटा झटकन उतरला तर वारा कमी पडतोय, न उतरल्यास गॅस जास्त झालाय किंवा आत हवा राहिली आहे. लो साइड अधूनमधून व्हॅक्यूमकडे ओढली जात असेल, तर आत ओल राहून व्हॉल्व्ह गोठतोय. गॅस काढा, ड्रायर बदला, व्हॅक्यूम पहिल्यापासून.

पहिल्या 100 किलोमीटरनंतर बेल्ट पुन्हा ताणा. अंगठ्याने दाबल्यावर 10 ते 12 मिमी दबला पाहिजे. थंडीतही पंधरवड्याला दहा मिनिटं एसी चालवत जा, शाफ्टचं सील तेलाने ओलं राहिलं तरच गॅस टिकतो.