फ्लॅटचा करार रद्द करायचाय? बिल्डरला पत्र देण्याआधी या चुका टाळा

बांधकाम सुरू असलेल्या फ्लॅटच्या करारातून बाहेर पडताना सगळ्यात महागात पडते ती एका ओळीची चूक. ताबा दीड वर्ष रखडलेला असतो. तुम्ही पैसे परत मागता आणि बिल्डरच्या ऑफिसमधून गोड शब्दांत उत्तर येतं, 'कॅन्सलेशनचा साधा अर्ज द्या, लगेच पुढे पाठवतो.' नमुनाही तेच पाठवतात. त्यात छापलेलं असतं: 'वैयक्तिक अडचणीमुळे मी बुकिंग रद्द करत आहे.' यावर सही केलीत की करार मोडणारे तुम्ही ठरता, आणि उशीर बिल्डरने केला हा मुद्दा मागे पडतो.

महाराष्ट्रात बाहेर पडायच्या वाटा मुळात दोन. पहिली, बिल्डर चुकला म्हणून. रेरा कायद्याच्या (घर घेणाऱ्यांसाठीचा स्थावर संपदा कायदा) कलम १८(१) नुसार, करारातल्या तारखेला ताबा मिळाला नाही तर ग्राहक प्रकल्पातून माघार घेऊ शकतो आणि भरलेली पूर्ण रक्कम व्याजासह मागू शकतो. व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (बँकेचा कर्जासाठीचा पायाभूत दर) २ टक्के जास्त. जाहिरातीत किंवा माहितीपुस्तिकेत खोटं सांगून फ्लॅट विकला असेल तर कलम १२ लागतं. दुसरी वाट, तुमच्या स्वतःच्या कारणासाठी: नोकरी गेली, बदली झाली, कर्ज मंजूर झालं नाही. यात कपात सोसावी लागते. पहिल्या वाटेचा हक्क असताना दुसऱ्या वाटेच्या कागदावर सही करू नका.

पत्रात काय लिहायचं

कराराची तारीख आणि दस्त क्रमांक, ताब्याच्या कलमाचा क्रमांक, त्यात लिहिलेली तारीख, आजवर भरलेल्या प्रत्येक हप्त्याची तारीख आणि रक्कम. मग स्पष्ट वाक्य: 'करारातील मुदतीत ताबा न दिल्यामुळे कलम १८(१) नुसार मी प्रकल्पातून माघार घेत असून संपूर्ण रक्कम व्याजासह परत मागत आहे.' हप्त्यांवर भरलेला जीएसटी या हिशेबात वेगळ्या ओळीत दाखवा. फ्लॅट ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचा असेल तर तुम्ही कापून भरलेला १ टक्का टीडीएसही धरा. तो फ्लॅटच्या किमतीचाच भाग असतो, पण परताव्याच्या आकड्यातून हमखास गळतो. पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टने आणि ईमेलनेही पाठवा. व्हॉट्सॲपवरच्या बोलण्यावर विसंबू नका.

तारखेबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) वेबसाइटवर बिल्डरने प्रकल्पाची मुदत वाढवून घेतलेली दिसते आणि 'अजून उशीर झालेलाच नाही' असं सांगितलं जातं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्येच स्पष्ट केलं आहे की उशीर मोजायचा तो तुमच्या करारातल्या तारखेपासून.

आधी हप्ते थांबवणे

राग समजण्यासारखा आहे, पण क्रम चुकतो. रेरा नियमांसोबतच्या नमुना करारात बिल्डरलाही करार संपवण्याचा अधिकार आहे: तीन हप्ते थकले की १५ दिवसांची लेखी नोटीस, आणि तरीही पैसे न आल्यास करार रद्द. मग थकबाकीदार तुम्ही, आणि कपात करून उरलेली रक्कम हातात. माघारीचं पत्र आधी जाऊ द्या, पुढच्या मागणीपत्राला त्याच पत्राचा हवाला देऊन उत्तर द्या. बँकेचा ईएमआय मात्र चालू ठेवा. कर्जाचा करार वेगळा असतो. बिल्डरचा वाद बँकेला मान्य नसतो आणि सिबिल तुमचाच पडतो.

फक्त बुकिंग झालंय, करार नाही

इथे दिवस मोजा. महारेराने २०२२ मध्ये ठरवलेल्या नमुना वाटपपत्रानुसार (बुकिंगनंतर बिल्डर देतो ते अलॉटमेंट लेटर), ते जारी झाल्यापासून १५ दिवसांत रद्द केलंत तर कपात शून्य. १६ ते ३० दिवसांत १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का, त्यानंतर २ टक्के. ही टक्केवारी फ्लॅटच्या किमतीवर असते, तुम्ही भरलेल्या रकमेवर नाही. ८० लाखांच्या फ्लॅटवर सोळाव्या दिवसाची किंमत ८० हजार रुपये. रद्द केल्याचं पत्र पोहोचल्यापासून ४५ दिवसांत परतावा आला नाही तर व्याज सुरू होतं. आणि करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेतली असेल तर तो कलम १३ चा भंग आहे; पत्रात तेही लिहा.

पैसे येण्याआधी रद्दलेखावर सही

रद्दलेख म्हणजे करार रद्द करण्याचा दस्त, आणि ही चूक दुरुस्त करणं सगळ्यात अवघड. नोंदणीकृत करार जोवर उभा आहे तोवर सूची २ मध्ये (नोंदणी कार्यालयातल्या दस्ताच्या उताऱ्यात) फ्लॅटवर तुमचं नाव दिसतं आणि बिल्डरला तो दुसऱ्याला बिनधास्त विकता येत नाही. तुमच्या हातातलं खरं बळ तेवढंच. दुय्यम निबंधकाकडे रद्दलेख नोंदवला की ते संपतं, आणि मागे राहतात पुढच्या तारखांचे चेक. डिमांड ड्राफ्ट हातात किंवा आरटीजीएस खात्यात, मगच सही. कर्ज असेल तर परतावा आधी बँकेकडे जातो, म्हणून बँकेकडून त्या दिवसापर्यंतच्या बाकीचं पत्र घ्या आणि दोन वेगळ्या रकमा रद्दलेखात लिहून घ्या. 'यापुढे कोणतीही तक्रार किंवा मागणी राहिली नाही' हे वाक्य व्याज मिळालेलं नसताना ठेवू देऊ नका.

फिटआउटच्या (आतल्या सजावटीच्या कामाच्या) नावाखाली दिलेली किल्लीही घेऊ नका. बाहेर पडायचं असेल तर ताबा घेणं दोन ठिकाणी आडवं येतं: माघारीच्या हक्काला आणि मुद्रांक शुल्काच्या परताव्याला.

मुद्रांक शुल्क आणि जीएसटी विसरणे

करार झाल्यापासून ५ वर्षांच्या आत, ताबा घेण्यापूर्वी, नोंदणीकृत रद्दलेख झाला तर मुद्रांक शुल्क परत मागता येतं. अर्ज मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे, रद्दलेखाच्या नोंदणीपासून ६ महिन्यांत. ही मुदत चुकली की लाखोंची रक्कम गेली. नोंदणी फी परत मिळत नाही. जीएसटीसाठी बिल्डरकडे क्रेडिट नोट (आधीच्या बिलाची रक्कम आणि कर कमी करणारा कागद) मागा. ज्या आर्थिक वर्षाचं बिल, ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच ती देता येते. तो काळ उलटला असेल तर डिसेंबर २०२२ च्या परिपत्रकानुसार जीएसटी नोंदणी नसलेला ग्राहक स्वतः जीएसटी पोर्टलवर परतावा मागू शकतो, त्याला २ वर्षांची मुदत आहे.

तक्रार केली, आदेश आला, आणि पुढे काहीच नाही

महारेराकडे तक्रारीची फी ५ हजार रुपये, आणि वकील लावणं सक्तीचं नाही. आदेश मिळाला की काम संपलं असं मानून बरेच जण थांबतात. बिल्डरने मुदतीत पैसे दिले नाहीत तर वसुलीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. मग वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. बिल्डरने अपील केलं तर घाबरू नका. कलम ४३(५) नुसार, तुम्हाला द्यायची पूर्ण रक्कम व्याजासह आधी जमा केल्याशिवाय त्याचं अपील ऐकलंच जात नाही. मात्र कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्याची जाहीर सूचना निघाली, तर वसुली थांबते. तेव्हा घर घेणारे म्हणून फॉर्म सीए भरून ९० दिवसांत दावा दाखल करा. हातातला महारेराचा आदेश त्यासोबत जोडा.