ऑरगॅनिक सोलर सेलमधलं डावं-उजवं: या चुका टाळा

वाय-६ हा ऑरगॅनिक सोलर सेलमधला ॲक्सेप्टर, म्हणजे इलेक्ट्रॉन घेणारा पदार्थ. त्याच्या बाटलीत किती प्रकारचे रेणू असतात? लॅबमध्ये नव्याने आलेल्यांना मी हे हमखास विचारतो. बहुतेक जण म्हणतात, एकच. खरं उत्तर तीन.

२०१९ मध्ये आलेल्या या रेणूच्या दोन नायट्रोजनवर एकेक २-इथाइलहेक्सिल साखळी असते आणि तिचा दुसरा कार्बन कायरल असतो, म्हणजे त्याची आरशातल्यासारखी दोन रूपं असतात, आर आणि एस. नेहमीचं २-इथाइलहेक्सिल ब्रोमाइड रेसेमिक, म्हणजे डावं-उजवं निम्मं-निम्मं. दोन साखळ्या जोडल्या की आर-आर, एस-एस आणि आर-एस असे रेणू १:१:२ प्रमाणात तयार होतात. यातला आर-एस हा बाकी दोघांचं प्रतिबिंब नाही. तो वेगळाच पदार्थ आहे, त्याची रचण्याची पद्धतही वेगळी असू शकते. एनएमआर (रेणूची रचना तपासणारी चाचणी) स्वच्छ आला म्हणून निर्धास्त राहू नका. दोन कायरल कार्बन एकमेकांपासून लांब असले की तिघांचे पीक एकावर एक बसतात.

शुद्ध आर-आर हाती आला की जुन्याच रेसिपीने फिल्म (सेलमधला पातळ थर) ओढायची, ही सर्रास होणारी चूक. मिश्रणातले समघटक (आयसोमर) एकमेकांच्या स्फटिकीकरणात अडथळा आणतात. शुद्ध पदार्थ झटकन स्फटिक धरू शकतो, विरघळायलाही कुरकुर करतो. मोबिलिटी (विद्युतभार वाहण्याची सहजता) वाढलेली दिसते, पण डोनर (इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ) आणि ॲक्सेप्टरचे ढीग मोठे झाले तर करंट पडतो, कारण एक्सायटॉन (प्रकाश शोषल्यावर तयार होणारी इलेक्ट्रॉन-होलची जोडी) फार लांब चालत नाही. द्रावक, ॲनीलिंगचं (फिल्म तापवण्याचं) तापमान, वेळ, सगळं पुन्हा शोधा. मगच तुलना करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आर-आर आणि एस-एस यांचे सेल वेगवेगळी एफिशियन्सी देत असतील, तर आनंदून जाऊ नका. बाकीचं मिश्रण कायरल नसेल आणि प्रकाश साधा असेल, तर दोघांचे आकडे सारखेच यायला हवेत. फरक आला म्हणजे शुद्धता, जाडी किंवा बॅच यात गडबड आहे. आरशातली ही जोडी म्हणजे आपल्याला फुकट मिळालेला कंट्रोल आहे. तो वाया घालवू नका, दोन्ही बनवाच.

फिल्मचा सीडी सिग्नल (डाव्या आणि उजव्या वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातला फरक) जोरदार आला म्हणजे सेल सुधारला, असंही नाही. सूर्यप्रकाश मुळात ध्रुवित नसतो. शिवाय फिल्ममध्ये रेणू एका दिशेला ओढले गेले असतील तर खोटा सिग्नल येतो. काच उलटी करून पुन्हा मोजा, मग जागेवरच फिरवून मोजा. चिन्ह बदललं किंवा आकडा हलला, तर तो सिग्नल निव्वळ कायरॅलिटीचा नाही.

साखळी स्वतः बनवत असाल तर अल्डिहाइडच्या टप्प्याला जपा. २-इथाइलहेक्सॅनालमध्ये कायरल कार्बन कार्बोनिलला लागूनच असतो; बेस लागला की इनोलेटमार्गे तो रेसेमिक होत जातो. बाटलीवर ‘एस’ लिहिलेलं असलं, तरी पुढची साखळी जोडण्याआधी कायरल कॉलमवर (आर आणि एस वेगळे करणाऱ्या नळीवर) एकदा तपासून घ्या.