वाय लहान झाला की एक्स हातातून निसटतो

प्रोटॉनच्या रचनेवर काम करायला येणारा जवळजवळ प्रत्येकजण एकच गोष्ट ऐकून येतो. 1960च्या दशकाअखेर कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत प्रोटॉनवर इलेक्ट्रॉन आदळवले, आत बिंदूसारखं काहीतरी असल्याचं दिसलं, 1990 मध्ये फ्रीडमन, केंडल आणि टेलर यांना नोबेल मिळालं. मलाही वाटलं, इलेक्ट्रॉन मोजायचा आणि आत डोकवायचं. या समजुतीत माझे आठ महिने गेले.

मी हॅम्बुर्गच्या हेरा कोलायडरच्या पद्धतीच्या टकरींवर काम करत होतो: 27.5 जीईव्हीचा (हे ऊर्जेचं एकक) इलेक्ट्रॉन, समोरून 920 जीईव्हीचा प्रोटॉन. विखुरलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा आणि कोन कळले की क्यू-स्क्वेअर (इलेक्ट्रॉनने दिलेल्या संवेगाचा वर्ग), वाय (प्रोटॉन स्थिर मानला तर इलेक्ट्रॉनने गमावलेल्या ऊर्जेचा वाटा), एक्स (धडक बसलेल्या आतल्या कणाकडे असलेला प्रोटॉनच्या संवेगाचा वाटा) तिन्ही निघतात. पुस्तकात हे अर्ध्या पानात उरकतं. पण ऊर्जेतली टक्केवारीतली चूक एक्समध्ये उतरताना तिला वायने भागावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

वाय 0.5 असेल, तर ऊर्जेतल्या 2 टक्क्यांचे एक्समध्ये 4 टक्के होतात. चालतं. वाय 0.02 असेल, तर त्याच 2 टक्क्यांचे 100 होतात! कारण तिथे तुम्ही 1 मधून 0.98 वजा करत असता आणि त्या 0.98 वरच दोन टक्क्यांचा भरवसा नसतो. कोड मात्र बिनदिक्कत सहा दशांश स्थळांपर्यंत आकडा छापतो.

प्रोटॉनची रचना दाखवणाऱ्या एफ-टू या फलनाच्या माझ्या आलेखात नेमका तिथेच, लहान वायच्या बिनमध्ये (टकरी मोजायच्या खान्यात), एक सुंदर उंचवटा आला. मी तो ग्रुप मीटिंगमध्ये दाखवलासुद्धा. मागच्या रांगेतून एकाने विचारलं, "या बिनमधले किती इव्हेंट मुळात याच बिनचे आहेत?" सिम्युलेशनमध्ये मोजलं, तर पाचातला एक. बाकीचे शेजारून घरंगळत आलेले.

'सिम्युलेशनने करेक्शन मारू' हा शॉर्टकट सगळ्यात घातक. त्या सिम्युलेशनमध्ये पार्टनचं (प्रोटॉनच्या आतल्या कणांचं) वाटप आधीच कुणीतरी गृहीत धरलेलं असतं. शुद्धता (बिनमधल्या इव्हेंटपैकी मुळात त्याच बिनचे किती) इतकी कमी असेल तर तेच वाटप उत्तर म्हणून परत हाती येतं. लहान वायला इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचा नाद सोडा, हॅड्रॉनकडे (टकरीतून बाहेर पडलेल्या बाकीच्या कणांकडे) वळा: इलेक्ट्रॉन आणि हॅड्रॉन दोन्हींचे कोन वापरणारी डबल-अँगल किंवा हॅड्रॉनच्या ऊर्जा-संवेगाच्या बेरजेवर चालणारी सिग्मा पद्धत. बिन आखतानाच शुद्धता तपासा. माझा उंचवटा डबल-अँगलने दोन दिवसांत सपाट झाला.

(टकरीआधी इलेक्ट्रॉनने फोटॉन फेकला तरी गणित बिघडतं, पण त्याबद्दल सगळेच बजावतात.)

सीनियरचा कोड जसाच्या तसा घेऊ नका. माझ्या कोडमध्ये कोन प्रोटॉनच्या दिशेपासून मोजलेला होता, पुस्तकात इलेक्ट्रॉनच्या. 'चालतोय ना, मग हात लावू नकोस' म्हणणाऱ्या गाईडपेक्षा एक ओळ फळ्यावर सोडवून दाखवायला लावणारा खडूस गाईड परवडला.

आणि घाबरू नका. क्वार्कांना बांधून ठेवणारे ग्लुऑन प्रोटॉनचा सुमारे अर्धा संवेग वाहतात हे मानायलाही आधी जड जातं. 1987 मध्ये सर्नच्या ईएमसी प्रयोगाला प्रोटॉनच्या स्पिनमधला क्वार्कांचा वाटा इतका कमी सापडला की भले भले चक्रावले. फॅक्टरायझेशनची (टकरीचं गणित प्रोटॉनच्या आतल्या वाटपापासून वेगळं काढता येतं याची) सिद्धता पहिल्या वर्षी डोक्यावरून गेली तर जाऊ द्या. मला ती तिसऱ्या वाचनात कळली, तीही अर्धीच.