आत राहून गेलेला डीजे स्टेंट कसा शोधायचा

डीजे स्टेंट म्हणजे मुतखड्याच्या ऑपरेशनमध्ये मूत्रनलिकेत (किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या नळीत) ठेवलेली साधारण २४-२६ सेंटिमीटरची नळी. ती बहुधा काही आठवड्यांतच काढायची असते. दुखणं थांबलं की पेशंट ती विसरतो, आणि डिस्चार्ज कार्डावरची बारीक ओळ कोण वाचतं!

जुनं कार्ड काढा, त्यावर 'डीजे स्टेंटिंग' लिहिलंय का पाहा. काढल्याचा कागद सापडत नसेल तर पोटाचा केयूबी (किडनीपासून मूत्राशयापर्यंतचा) एक्स-रे काढा. वर किडनीत आणि खाली मूत्राशयात वेटोळं असलेली रेघ स्पष्ट दिसते. गरोदर असाल तर एक्स-रे नको, आधी सोनोग्राफी.

वेळेत गेलात तर बधिर करणारी जेली लावून लघवीच्या वाटेने घातलेल्या दुर्बिणीने पाच-दहा मिनिटांत नळी निघते. तीन महिन्यांनंतर मात्र तिच्यावर क्षार साचण्याचा धोका वाढत जातो. टोकांवर खडे धरतात, नळी ठिसूळ होते, ओढली तर तुटते. म्हणून जुनी नळी एक्स-रे न बघता ओढू देऊ नका. आधी खडे फोडावे लागतात, कधी पाठीतून दुर्बीण घालून. त्रास नाही म्हणून निर्धास्त राहू नका, किडनी गुपचूपही निकामी होते.

थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.