अंटार्क्टिका मोहिमेच्या जुन्या स्लाइड्स इंटरनेटवर ठेवायच्या असतील तर

वास्कोत माझा फोटो स्टुडिओ आहे. वर हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधन केंद्र, खाली मुरगाव बंदर. त्यामुळे अंटार्क्टिकाला जाऊन आलेली माणसं इथं पासपोर्ट फोटोलाही येतात. त्यांच्या कपाटातली स्लाइड्सची, म्हणजे छोट्या चौकटीत बसवलेल्या पारदर्शक फोटोंची, पेटी मग मुलं घेऊन येतात, "ताई, स्कॅन करून टाका ना." स्कॅन होईल हो. पण फोटो काढणारे काका हयात असतील, तर आधी त्यांना गाठा.

लाइट बॉक्सवर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या पेटीवर, स्लाइड्स मांडा, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि त्यांना बोलू द्या. "कुठलं साल?" असं विचारू नका, "कितवी मोहीम?" विचारा. तिकडचा उन्हाळा दोन सालांत पडतो. पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून 'पोलर सर्कल' जहाजानं निघाली आणि मोहिमेचे प्रमुख डॉ. कासिम यांची तुकडी ९ जानेवारी १९८२ ला बर्फावर उतरली. एकाच मोहिमेच्या फोटोंवर मग कुणी ८१ लिहितो, कुणी ८२. स्लाइडच्या पुठ्ठ्यावर महिना छापलेला असला तरी तो फिल्म धुतल्याचा, फोटो काढल्याचा नव्हे.

पेटी पावसाळ्यात उघडू नका. आपल्या हवेत बुरशी कुणालाच सोडत नाही. बुरशीची स्लाइड कापडानं पुसायची नाही, पाणी तर लावायचंच नाही. ब्लोअरनं धूळ उडवा आणि ती स्लाइड वेगळ्या डबीत ठेवा. स्कॅन करण्याआधी जहाजावरची किंवा पाटीवरची अक्षरं सरळ वाचता येतात का बघा. उलट्या घातलेल्या स्लाइडमध्ये डावीकडचा माणूस उजवीकडे जातो आणि नावांची यादी सगळी चुकते.

४००० डीपीआयला (इंचाला ४००० ठिपके) ३५ मिमीच्या स्लाइडमधून साधारण दोन कोटी पिक्सेल मिळतात, तेवढे पुरे. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा, त्यात काही गाळलं जात नाही; लोकांना दाखवायला जेपेग, ती आकारानं लहान. कोडॅकची जुनी कोडाक्रोम फिल्म असेल तर स्कॅनरची धूळ काढायची सोय बंद करा, ती चित्रातले बारकावेही धूळ समजून खाते. ऑटो कलरही नको: उघड्या आकाशाखाली बर्फावरच्या सावल्या निळ्याच असतात, मशीन त्यांना राखाडी करतं. रंग उडून लालसर झालेली स्लाइड सुधारायचीच तर जेपेगमध्ये सुधारा.

आता निवड. पेंग्विन दोन-चार ठेवा, बाकीचे पेटीत राहू द्यात. ते प्रत्येकानं काढलेत. स्वयंपाकघर, बिछाने, इंधनाची पिंपं, दाराशी साठलेलं बर्फ, हे शोधा. दक्षिण गंगोत्री हे भारताचं तिकडचं पहिलं ठाणं; ती तिसऱ्या मोहिमेत, १९८३-८४ ला उभी राहिली आणि हळूहळू बर्फाखाली गेली. १९९० मध्ये ती सोडून द्यावी लागली. त्याच इमारतीचे वेगवेगळ्या मोहिमांतले फोटो शेजारीशेजारी ठेवले की बर्फ किती चढलं ते डोळ्यांनी मोजता येतं. हे काम पेंग्विन करत नाहीत.

"बाबा बर्फात" ही ओळ घरच्या अल्बमला ठीक. संग्रहाला मोहीम, जागा, काय चाललंय, डावीकडून कोण आणि हे कोणी सांगितलं, एवढं लागतं. खात्री नसेल तिथं सरळ "अंदाजे" लिहा. फाइलच्या नावात मोहीम, पेटी आणि स्लाइडचा क्रमांक घाला. माहिती इंग्रजीत द्या, पण मराठीतही द्याच. अदिती पंत आणि सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय महिला, त्याही तिसऱ्याच मोहिमेतल्या. डिचोलीतली एखादी शाळकरी मुलगी 'अदिती पंत' देवनागरीतच शोधेल, तिला फोटो सापडायला हवा.

विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या फोटोंच्या संग्रहावर, चढवण्याआधी हक्काचं बघा. फोटो सरकारी नोकरीच्या कामाचा भाग म्हणून काढला असेल तर हक्क बहुधा सरकारचा, तेव्हा कार्यालयाकडून लेखी परवानगी घ्या. स्वतःच्या कॅमेऱ्यानं हौसेखातर काढलेला असेल तर काकांची सही क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यासाठी (फोटो इतरांनाही वापरू देण्याचा परवाना) घ्या, आणि तो परवाना मागे घेता येत नाही हे सहीआधी त्यांना नीट समजावून सांगा.

पेटी परत देताना घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून द्या. दर मे महिन्यात पुड्या बदलायला सांगा.