ग्राइंडरने बिघडवलेली कोयत्याची धार

पावसाळाभर पडवीत टेकवून ठेवलेल्या कोयत्यावर गंज चढला, तेव्हा घाईने मी तो ग्राइंडरवर धरला आणि धारेलगत निळसर पट्टा उमटला. अति तापल्यामुळे पोलादाचे पाणी, म्हणजे त्याचा कठीणपणा, उतरले होते. पुढे चार शहाळी तासताच धार दुमडली. लोहाराने तो पुन्हा तापवून पाणी दिले व मंद आचेवर त्याचा ठिसूळपणा घालवला. धार मात्र मी घरीच, ओल्या दगडावर साधारण २५ अंशांत, पलीकडच्या बाजूला बोटाला खरखरीत काठ जाणवेपर्यंत लावली आणि मगच बाजू पालटली. (स्वयंपाकघरातल्या सुरीला १५ ते २० अंश पुरतात, कोयत्याला इतकी पातळ धार मानवत नाही.) आता काम संपताच तो पुसून, कोरडा करून खोबरेल लावतो, चामड्याच्या म्यानात मात्र ठेवत नाही, कारण चामडे ओल धरते.