१०.११ नावाचं माप नसतं: लाद्यांसाठी खोली मोजताना या चुका टाळा

डोंबिवलीत लाद्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसून मला वीस वर्षं होत आली. एक बाय एकच्या लाद्या गेल्या, दोन बाय दोन आल्या, आता चार बाय दोन मागतात. गिऱ्हाइकाच्या कागदावरच्या चुका मात्र त्याच आहेत. हल्ली कागदही नसतो म्हणा, व्हॉट्सअ‍ॅपवर आकडा येतो.

सगळ्यात महाग पडतो तो मधला टिंब. टेपवर १० फूट ११ इंच दिसतात, माणूस लिहितो १०.११ आणि तेच कॅल्क्युलेटरला देतो. अहो, फुटात बारा इंच असतात. १० फूट ११ इंच म्हणजे १०.९२. साडेदहा फुटांना १०.६ लिहिणारे तर रोज एक-दोन भेटतात.

एकदा दिवाळीच्या तोंडावर एक नवरा-बायको आले. हॉल १०.११ बाय १६.१०. नवऱ्याने मोबाइलवर गुणाकार केला, १६२.७७. त्यात दहा टक्के वेस्टेज धरून १७९. दोन बाय दोनच्या चार लाद्यांचा बॉक्स म्हणजे १६ चौरस फूट, म्हणून बारा बॉक्स. मी म्हटलं, आमचा माणूस येऊन एकदा माप घेईल. तर म्हणाला, "काका, मी इंजिनीअर आहे, हिशोब झालाय." दुकानात गर्दी होती, मीही फार ताणलं नाही. चौथ्या दिवशी फोन आला, सहा लाद्या कमी पडल्यात आणि मिस्त्री हात बांधून बसलाय.

त्या हिशोबात एकावर एक तीन चुका होत्या. टिंबाची पहिली: हॉल खरा १८३.७६ चौरस फुटांचा, म्हणजे जागच्या जागी एकवीस फूट गायब. दुसरी, 'दोन बाय दोन' हे नुसतं बोलायचं नाव. लादी असते ६०० मिलिमीटरची, म्हणजे २३.६ इंच, आणि चारचा बॉक्स भरतो साडेपंधरा चौरस फूट. तरी गंमत बघा, १२ बॉक्सच्या ४८ लाद्या १८६ चौरस फूट होतात. कागदावर त्या पुरायला हव्यात!

पुरल्या नाहीत त्या तिसऱ्या चुकीमुळे, आणि ही चूक शिकलेसवरलेलेच जास्त करतात. लादी चौरस फुटात बसत नाही, ओळीत बसते. हॉलची रुंदी १३१ इंच. पाच लाद्या पूर्ण बसल्या आणि कडेला साडेबारा इंचाची फट उरली. तेवढा तुकडा कापला की लादीचा राहतो जेमतेम अकरा इंच, तो पुढच्या ओळीला लागत नाही. लांबीतही तेच, आठ पूर्ण आणि वर साडेबारा इंच. म्हणजे सहा गुणिले नऊ, ५४ लाद्या. फुटाफुटाचं सोनं केलं तरी ४८ मध्ये तो हॉल होणार नव्हता.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मोरबीहून आलेला तो लॉट संपला होता. नाव तेच, नंबर तोच, पण नव्या बॅचची शेड किंचित निळसर. त्या सहा लाद्या सोफ्याखाली ढकलल्या. वहिनी अजून भाजी बाजारात भेटल्या की "तुमच्या त्या सहा लाद्या" म्हणतात. माझ्या कशा काय, ते विचारायची सोय नाही.

तेव्हापासून मी टेपची इंचाची बाजू बघायचंच सोडलं. लादी मिलिमीटरमध्ये बनते, तर खोलीही मिलिमीटरमध्येच मोजतो. हॉल ३३२७ बाय ५१३१. लादी आणि सांधा मिळून ६०२ धरतो आणि वहीच्या चौकटीच्या पानावर एका चौकटीला एक लादी काढतो. कडेचा तुकडा अर्ध्या लादीहून मोठा आला की पूर्ण लादी मोजायची. वर प्रत्येक खोलीला एक बॉक्स जादा. वेस्टेजचे टक्के मी कोणाला सांगत नाही, लोकांना टक्के कळतात आणि लादी कळत नाही.

दुसरं, एका भिंतीलगत टेप लावून मोकळे होऊ नका. जुन्या इमारतींत खोली क्वचितच गुण्यात, म्हणजे काटकोनात, असते. तीन ठिकाणी मोजा, मोठं माप धरा, मग दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत इंचभर फरक निघाला तर मिस्त्रीला लाद्या भिजवण्याआधी सांगा, पहिली ओळ कुठून धरायची ते तो ठरवेल. तिरका तुकडा कपाटाखाली जावा, दारासमोर नव्हे.

अ‍ॅग्रीमेंटमधला कार्पेट एरिया घेऊन दुकानात येऊ नका. रेरा कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंतींची जाडी त्यात धरलेली असते आणि बाल्कनी धरलेली नसते. लादीच्या हिशोबात बरोबर उलटं लागतं.

स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, विसरतात. लादीतून चार इंची पट्ट्या पाचच निघतात, सहा नाही. पावणेचार इंची ठेवलीत तर सहा निघतात.

दारांच्या चौकटीखालचे तुकडेही विसरतात. पाच दारं म्हणजे दोन लाद्या सहज.

टेपचा पुढचा हूक हलतो म्हणून ठोकून घट्ट करणारे महाभाग आहेत. तो जेवढा जाड असतो तेवढाच हलतो, मुद्दाम तसा केलेला असतो. लेझर वापरत असाल तर तो मागच्या कडेपासून मोजतोय की पुढच्या, हे आधी बघा. मोबाइलच्या अ‍ॅपने मोजून आलात तर मी चहा पाजतो आणि परत पाठवतो.

आता उंची. जुन्या लादीवरच नवी बसवायची टूम आहे, तोडफोड वाचते म्हणून. मलाही पटते, पण उंची कोणी मोजत नाही. नऊ मिलिमीटरची लादी आणि खाली चार-पाच मिलिमीटर अ‍ॅडहेसिव्ह, म्हणजे जमीन अर्धा इंच वर आली. प्रत्येक दाराखाली किती फट आहे ते आधी बघा, विशेषतः आत उघडणाऱ्या मुख्य दाराखाली. नाहीतर लादी बसल्यावर दार काढून तासायला सुतार शोधा, तोही दिवाळीत. बाथरूमचा उंबरठा आणि बाल्कनीच्या सरकत्या दाराचा ट्रॅकही तेव्हाच बघा.

आणि रविवारी सकाळी मोजून दुपारी ऑर्डर देऊ नका. सोमवारी घरातल्या दुसऱ्या कोणाला पुन्हा मोजायला सांगा, तुमचे आकडे न दाखवता. उरलेल्या लाद्या माळ्यावर उभ्या ठेवा आणि बॅच नंबर छापलेला खोक्याचा पुठ्ठा त्यांच्याबरोबरच राहू द्या.